सभागृहाची मुदत बदलताना : राजकीय सिम्युलेशन खेळातील एका नियमाची उकल

राजकीय सिम्युलेशन खेळांत वाद कशावरून होत असतील, असे विचारले तर बहुतेक जण कर, युद्ध किंवा आरक्षण अशी उत्तरे देतील. ज्या खेळांत खरी माणसे पक्ष काढतात, एकमेकांविरुद्ध निवडणूक लढवतात आणि जिंकून काल्पनिक संसदेत बसतात, तिथे मात्र वरवर रुक्ष वाटणारा एक नियम पुन्हा पुन्हा चर्चेला येतो. निवडून आलेल्या सभागृहाची मुदत किती असावी, आणि आहे ती बदलायची असेल तर ती कोणी, कशी आणि कधीपासून बदलावी, हा तो प्रश्न. त्याकडे केवळ एका आकड्याचा प्रश्न म्हणून पाहिले तर चर्चा लवकरच ‘दोन महिने कमी पडतात’ आणि ‘चार महिने फार होतात’ अशा तक्रारींपाशी येऊन थांबते. माझ्या मते मुदत महिन्यांत मोजणे हीच मुळात गफलत आहे. दोन निवडणुकांच्या दरम्यान सभागृह किती कामे तडीस नेऊ शकते आणि तोवर किती खेळाडू जागेवर टिकून राहतात, या दोन मापांनी ती मोजली पाहिजे.

आधी दोन प्रकारच्या खेळांतला फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. पहिला प्रकार एकट्याने संगणकाविरुद्ध खेळण्याचा. ब्रिटनमधील पॉझिटेक या छोट्या कंपनीचा ‘डेमोक्रसी 4’ हा त्यातला परिचित खेळ असून त्यात एक फेरी म्हणजे तीन महिने. मुदत चार वर्षांची धरली तर निवडणुकीपूर्वी 16 फेऱ्या मिळतात, पाच वर्षांची धरली तर 20. या खेळात धोरण जाहीर केल्याबरोबर त्याचा परिणाम दिसत नाही. अंमलबजावणीला काही फेऱ्या जातात आणि त्यानंतरही परिणाम हळूहळू उमटतो. शिक्षणावर केलेला खर्च उशिरा फळतो, पण त्यासाठी वाढवलेल्या कराचा राग मतदाराला लवकर येतो. त्यामुळे चार फेऱ्यांचा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. मुदत आखूड असेल तर खेळाडू लवकर दिसणाऱ्या सवलतींकडे वळतो, लांब असेल तर शाळा आणि रेल्वे यांच्यावर पैसा लावण्याचे धाडस करतो. पॅराडॉक्स कंपनीच्या ‘व्हिक्टोरिया 3’ मध्ये जिथे मतदानाचा हक्क आहे त्या देशात दर चार वर्षांनी निवडणूक होते आणि तिच्या आधी सहा महिने प्रचार चालतो. म्हणजे एकूण काळाचा आठवा भाग प्रचारात जातो, आणि एखादा कायदा संमत होण्याच्या वाटेवर असताना मध्येच निवडणूक आली तर पक्षांचे बळ बदलून त्याची शक्यता वर किंवा खाली जाऊ शकते.

या प्रकारात मुदत म्हणजे काठिण्यपातळीची एक कळ असते. संगणकातल्या मतदाराला कंटाळा येत नाही, त्याची परीक्षा नसते आणि त्याला नोकरीही लागत नाही. आपला खरा विषय दुसऱ्या प्रकारचा खेळ आहे, ज्यात सगळे मतदार आणि सगळे आमदार जिवंत माणसे असतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सची नक्कल करणारा, 2014 साली रेडिटवर सुरू झालेला खेळ हे त्याचे एक ठळक उदाहरण. अशा खेळांत खऱ्या देशाची चार-पाच वर्षे काही महिन्यांत बसवलेली असतात. खेळाला स्वतःची राज्यघटना असते, ती दुरुस्त करण्याची रीत असते, आणि मुदत बदलण्याचा ठराव नेमके तेच सदस्य मांडतात ज्यांच्या खुर्चीचे आयुष्य त्यावर ठरणार असते.

आता एक काल्पनिक सभागृह घेऊ आणि त्याचा हिशेब नीट मांडू. कनिष्ठ सभागृहात 20 जागा आहेत आणि मुदत दोन महिने, म्हणजे 60 दिवस आहे. पहिला आठवडा शपथविधी, अध्यक्षाची निवड आणि सरकार बनवण्याच्या वाटाघाटी यांत जातो. शेवटचे दोन आठवडे उमेदवारी, जाहीरनामे आणि प्रचार यांत जातात. त्या काळात विधेयकावर गंभीरपणे बोलायला कोणालाच वेळ नसतो. असे 21 दिवस वजा केले की कामाचे 39 दिवस उरतात. आता एका विधेयकाचा प्रवास पाहा : चर्चेला तीन दिवस, दुरुस्त्यांना दोन, मतदानाला तीन. म्हणजे एका सभागृहात आठ दिवस, दुसऱ्या सभागृहात तितकेच, आणि राष्ट्राध्यक्षाच्या सहीसाठी पाच. एकूण 21 दिवस. याचा अर्थ कामाच्या अठराव्या दिवसानंतर मांडलेले विधेयक निवडणुकीपूर्वी कायदा होऊच शकत नाही. दोन महिन्यांच्या सभागृहाला नवे काम हाती घेण्यासाठी जेमतेम अडीच आठवडे मिळतात.

मुदत दुप्पट करून 120 दिवस केली तर काय होते? सुरुवातीचा आठवडा आणि शेवटचे दोन आठवडे दुप्पट होत नाहीत. ते जवळपास तेवढेच राहतात. कामाचे 99 दिवस मिळतात आणि त्यातले 21 वजा करता विधेयक मांडण्याची खिडकी 18 दिवसांवरून 78 दिवसांवर जाते. मुदत दुप्पट झाली, पण उपयोगाचा काळ चौपटीहून अधिक झाला. मुदतवाढीच्या बाजूने बोलणारे बहुधा हा हिशेब न मांडताच ‘अनुभव’, ‘स्थैर्य’ असे मोघम शब्द वापरतात, आणि त्यांची बाजू विनाकारण लंगडी पडते.

विधेयक अर्धवट राहिले तर त्याचे काय, याला खऱ्या संसदांनी उत्तर देऊन ठेवले आहे. भारताच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 107 नुसार लोकसभा विसर्जित झाली की तिच्यासमोर प्रलंबित असलेली विधेयके बारगळतात. मात्र राज्यसभेत प्रलंबित असलेले आणि लोकसभेने अजून संमत न केलेले विधेयक जिवंत राहते. खेळाच्या घटनेत अशी एखादी ओळ घातली, किंवा नव्या सभागृहाने साध्या ठरावाने जुने विधेयक जिथे थांबले होते तिथूनच पुढे न्यावे अशी मुभा दिली, तर आखूड मुदतीचा अर्धा जाच कमी होतो. मुदतीला हात लावण्यापूर्वी हा स्वस्त उपाय करून पाहायला हवा, असे मला वाटते.

हिशेबाची दुसरी बाजू माणसांची आहे. खेळातला सदस्य पगार घेत नाही. त्याला परीक्षा येते, घरात लग्न निघते, कामाचा ताण वाढतो, किंवा खेळात रस राहत नाही, आणि तो राजीनामा न देता गप्प होतो. समजा, सक्रिय असलेल्यांपैकी दर महिन्याला दहातला एक गळतो. 20 जणांच्या सभागृहात दोन महिन्यांनी साधारण 16 जण हजर असतील, चार महिन्यांनी 13, आणि सहा महिन्यांनी दहा-अकरा. आता या सभागृहात घटनादुरुस्तीसाठी एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश, म्हणजे 14 मते लागतात असे धरा. चार महिन्यांच्या मुदतीच्या अखेरीला हजर असलेल्या सगळ्यांनी एकमुखाने होकार दिला तरी दुरुस्ती मंजूर होणार नाही. सहा महिन्यांच्या शेवटी तर गणपूर्तीसाठीसुद्धा लोकांना निरोप धाडावे लागतील. म्हणून मुदत वाढवायची असेल तर तिच्या जोडीला तीन नियम यायलाच हवेत : ठरावीक दिवस मतदान न केल्यास जागा आपोआप रिकामी होणे, पोटनिवडणुकीची किंवा पक्षाकडून बदली सदस्य देण्याची सोय, आणि बहुमत एकूण जागांवर मोजायचे की भरलेल्या जागांवर, याचा स्पष्ट उल्लेख. हे तीन नियम नसलेली मुदतवाढ म्हणजे रिकाम्या खुर्च्यांची तरतूद होय.

पराभूतांचा आणि नवागतांचा विचार तर या चर्चेत क्वचितच होतो. खऱ्या देशात निवडणूक हरलेला उमेदवार नागरिक म्हणून जगत राहतो, त्याला देश सोडून जाता येत नाही. खेळातला हरलेला माणूस खेळ सोडून जातो. एसटीची गाडी दर तासाला असेल तर थांब्यावर अवेळी आलेल्या प्रवाशाला सरासरी अर्धा तास थांबावे लागते. त्याच न्यायाने दोन महिन्यांच्या मुदतीत नव्या खेळाडूला पहिल्या निवडणुकीसाठी सरासरी एक महिना थांबावे लागेल, सहा महिन्यांच्या मुदतीत तीन महिने. तीन महिने नुसती इतरांची भाषणे वाचत बसण्याइतका संयम फार थोड्यांकडे असतो. शिवाय अनेकांना निवडणूक हाच खरा खेळ वाटतो आणि कायदे करणे हे त्याच्यामागून येणारे कष्टाचे काम. मुदत ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट कमीपणाची मानू नये.

मुदत आखूड असावी की लांब, हा वाद खेळांच्या कितीतरी आधीचा आहे. 1787 साली अमेरिकेची राज्यघटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियातील परिषदेत प्रतिनिधिगृह या कनिष्ठ सभागृहासाठी एल्ब्रिज गेरी यांचा आग्रह दरवर्षी निवडणूक घेण्याचा होता, जेम्स मॅडिसन यांचा कल तीन वर्षांकडे होता, आणि तडजोड दोन वर्षांवर झाली. वार्षिक निवडणूक त्या वेळी जगावेगळी नव्हती. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तीच रीत होती आणि कनेटिकट व ऱ्होड आयलंड येथे तर दर सहा महिन्यांनी निवडणूक होत असे. मोठ्या देशाचे कायदे समजून घ्यायलाच वेळ लागतो, असा दोन वर्षांच्या बाजूने एक मुख्य युक्तिवाद होता. ब्रिटनमध्ये 1838 च्या सनदवाद्यांनी, म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगार चळवळीने, सहा मागण्या केल्या. गुप्त मतदान, खासदारांना वेतन अशा पाच मागण्या कालांतराने मान्य झाल्या. वार्षिक पार्लमेंटची सहावी मागणी मात्र कधीच मान्य झाली नाही, आणि आज ती फारसे कोणी करतही नाही. स्वीडनने 1970 पासून तीन वर्षांची मुदत वापरून पाहिली आणि 1994 मध्ये पुन्हा चार वर्षांकडे वळण घेतले.

लांब मुदतीचा सदस्य आळशी होतो आणि आखूड मुदतीचा लोकांच्या धाकात राहतो, ही समजूत सर्वत्र आहे. ती तपासण्याची एक दुर्मीळ संधी अर्जेंटिनात मिळाली. 1983 मध्ये लोकशाही परत आल्यावर तिथल्या प्रतिनिधिगृहातील निम्म्या सदस्यांना दोन वर्षांची आणि निम्म्यांना चार वर्षांची मुदत चिठ्ठ्या टाकून देण्यात आली. एर्नेस्तो दाल बो आणि मार्टिन रोस्सी या अर्थशास्त्रज्ञांनी या सदस्यांची हजेरी, समित्यांतील काम, मांडलेली विधेयके इत्यादी तपासले, तेव्हा चार वर्षांवाल्यांनी जास्त काम केल्याचे आढळले. केलेल्या मेहनतीचे फळ पदरात पडण्याइतका काळ हाताशी असेल तर माणूस मेहनत घेतो, असा त्यांचा निष्कर्ष. अमेरिकेत टेक्सास आणि आर्कान्सॉ राज्यांच्या सिनेटमध्ये मतदारसंघांची फेररचना झाल्यावर कोणाला दोन आणि कोणाला चार वर्षे मिळणार हे सोडतीने ठरते. रोसियो टिटियुनिक यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा दोन वर्षांवाले मतदानाला अधिक वेळा गैरहजर राहतात, कमी विधेयके मांडतात आणि प्रचारनिधी मात्र अधिक उभा करतात, असे दिसले. मतदारांच्या कलाशी ते अधिक जुळवून घेतात, असेही काही दिसले नाही. खेळात पैसा नसला तरी प्रचारात जाणारा वेळ हा पैशासारखाच असतो, त्यामुळे हे निष्कर्ष तिथेही बऱ्याच अंशी लागू पडावेत. अर्थात अर्जेंटिनातले प्रतिनिधी खेळ सोडून निघून जात नव्हते, हा फरक ध्यानात ठेवावाच लागतो.

काम करायला लांब मुदत आणि खेळाडू टिकवायला वारंवार निवडणुका, अशी ही ओढाताण आहे. तिच्यावरचा जुना तोडगा म्हणजे सगळ्या जागांची निवडणूक एकाच वेळी न घेणे. अमेरिकेच्या सिनेटमध्ये, आपल्या राज्यसभेत आणि महाराष्ट्राच्या 78 सदस्यांच्या विधान परिषदेत सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. सुरुवातीला सगळेच एकदम निवडून आलेले असताना कोण लवकर निवृत्त होणार, हे अमेरिकेत 1789 साली आणि राज्यसभेत 1952 नंतर चिठ्ठ्या टाकून ठरवण्यात आले. आपल्या काल्पनिक सभागृहात चार महिन्यांची मुदत ठेवून दर दोन महिन्यांनी निम्म्या जागा भरल्या, तर नवागताला दोन महिन्यांच्या आत संधी मिळते आणि दर वेळी निम्मे सभागृह जाणत्यांचे राहते.

पण या तोडग्याची किंमत लहान पक्षांना मोजावी लागते, आणि ती किती, हे महाराष्ट्रातील राज्यसभा निवडणुकीच्या हिशेबातून चांगले दिसते. राज्यातून राज्यसभेवर 19 सदस्य जातात आणि त्यांना विधानसभेचे 288 आमदार निवडतात. ठोकळमानाने कोटा असा काढतात : एकूण मतांना भरावयाच्या जागांपेक्षा एकने मोठ्या संख्येने भागायचे आणि त्यात एक मिळवायचा. सहा जागांची निवडणूक असेल तर 288 ला 7 ने भागून एक मिळवला की 42 येतात. म्हणजे एक उमेदवार खात्रीने निवडून आणायला 42 आमदार हवेत. याच 19 जागांची निवडणूक एकदम झाली असती तर भाजक 20 झाला असता आणि कोटा 15 वर आला असता. पंधरा आमदारांच्या पक्षाला आज इतरांच्या शिल्लक मतांवर विसंबावे लागते, तिथे तो स्वतःच्या बळावर एक खासदार पाठवू शकला असता. खेळातही हेच घडते. मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीत 20 जागा एकत्र भरल्या तर पाच टक्क्यांच्या आसपास मते मिळवणाऱ्याला एक जागा मिळते. दहा-दहाच्या दोन खेपा केल्या की तीच जागा मिळवायला नऊ टक्क्यांच्या वर जावे लागते. म्हणून ‘मुदत वाढवू आणि निवडणुका विभागू’ हा ठराव मोठे पक्ष उत्साहाने मांडतात, तेव्हा तो केवळ वेळापत्रकाचा ठराव नसतो. लहान पक्षाने त्याच्याबरोबर जागा वाढवून मागाव्यात.

आणखी एक सौम्य उपाय आपल्या महापालिकांत आहे. महाराष्ट्रात सभागृहाची मुदत पाच वर्षे असते, पण महापौराची अडीच वर्षे. खेळात सभागृह चार महिन्यांचे ठेवून अध्यक्ष आणि समित्यांचे प्रमुख दोन महिन्यांनी नव्याने निवडता येतील. मधल्या काळात थोडी चुरस राहते आणि पूर्ण निवडणुकीचा खर्च पडत नाही.

दोन सभागृहे आणि वर राष्ट्राध्यक्ष असतील तर एकाची मुदत बदलताना बाकीच्यांच्या तारखांकडे पाहावे लागते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 1966 मध्ये प्रतिनिधिगृहाची मुदत दोनऐवजी चार वर्षे करावी आणि ती निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबरच व्हावी, असा प्रस्ताव मांडला. तो पुढे सरकला नाही. आक्षेप दोन बाजूंनी होते. दोन्ही निवडणुका एकाच दिवशी झाल्या तर प्रतिनिधी राष्ट्राध्यक्षाच्या लाटेवर निवडून येतील आणि त्याच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणारी, त्याला वेसण घालणारी निवडणूकच उरणार नाही, हा एक. दुसरा अधिक व्यवहारी होता : चार वर्षे सुरक्षित असलेला प्रतिनिधी स्वतःची जागा न सोडता मध्येच सिनेटरविरुद्ध उभा राहू शकेल. जॉन्सन यांना याची कल्पना होती, म्हणूनच दुसऱ्या सभागृहाची निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा द्यावा, अशी अट त्यांनी प्रस्तावात घातली होती. खेळात कनिष्ठ सभागृह तीन महिन्यांचे आणि वरिष्ठ चार महिन्यांचे केले, तर त्यांच्या निवडणुका वर्षातून एकदाच जुळतात आणि बाकी काळ कुठे ना कुठे प्रचार चालूच राहतो. अशा वेळी ही राजीनाम्याची अट जॉन्सन यांच्यापेक्षाही आपल्याला अधिक उपयोगी पडते. एकमेकांना भाग जाणाऱ्या मुदती घ्याव्यात, जसे दोन आणि चार, किंवा दोन आणि सहा.

मुदत म्हणजे कमाल मर्यादा की ठाम कालावधी, हेही लिहिलेले असावे लागते. लोकसभेची पाच वर्षे ही कमाल मर्यादा आहे. ब्रिटनने 2011 मध्ये ठाम मुदतीचा कायदा केला, 2019 मध्ये त्याला वळसा घालण्यासाठी वेगळा कायदा करून निवडणूक घेतली आणि 2022 मध्ये मूळ कायदाच रद्द केला. पंतप्रधानाला विसर्जनाचा अधिकार असलेल्या खेळात सहा महिन्यांची मुदत कागदावरच राहते, कारण जनमत अनुकूल दिसताच तो निवडणूक लावतो. तिथे मुदतीवर भांडण्यापेक्षा विसर्जनावर भांडणे अधिक फलदायी.

आता सर्वांत नाजूक भाग : बदल लागू कधीपासून करायचा. इतिहासातले बहुतेक कटू प्रसंग मुदतीच्या लांबीमुळे घडलेले नाहीत, तर बसलेल्या सभागृहाने स्वतःलाच मुदतवाढ दिल्यामुळे घडले आहेत. इंग्लंडमध्ये 1694 च्या कायद्याने पार्लमेंटची मुदत तीन वर्षे होती. 1715 मध्ये त्याच मुदतीसाठी निवडून आलेल्या पार्लमेंटने 1716 मध्ये, त्या वेळच्या बंडाचे कारण पुढे करून, मुदत सात वर्षे केली आणि ती स्वतःलाही लावून घेतली. सात वर्षांची पाच व्हायला 1911 साल उजाडावे लागले. न्यूझीलंडमध्ये 1934 साली मंदीच्या काळात संयुक्त सरकारने मुदत तीनवरून चार वर्षांवर नेली आणि येऊ घातलेली निवडणूक वर्षभर पुढे ढकलली. 1935 मध्ये मतदारांनी त्या सरकारला घरी पाठवले आणि 1937 मध्ये मजूर पक्षाने पुन्हा तीन वर्षे केली. श्रीलंकेत जे. आर. जयवर्धने यांच्या राजवटीत डिसेंबर 1982 मध्ये सार्वमत घेऊन 1977 साली निवडलेल्या संसदेलाच आणखी सहा वर्षे देण्यात आली.

आपल्याकडचा प्रसंग तर अनेकांच्या स्मरणात असेल. पाचवी लोकसभा मार्च 1971 मध्ये निवडून आली होती, त्यामुळे तिची मुदत 1976 च्या मार्चमध्ये संपायला हवी होती. आणीबाणीतल्या तरतुदीचा आधार घेऊन ती कायद्याने आधी एका वर्षाने आणि मग पुन्हा वाढवण्यात आली. शिवाय 42 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदतच पाचऐवजी सहा वर्षे केली. मूळचे पुण्याचे आणि त्या वेळी बिहारमधील बांका मतदारसंघाचे खासदार असलेले मधू लिमये तुरुंगात होते. जनतेने पाच वर्षांसाठी दिलेला कौल संपल्यावर खासदार म्हणून राहणे योग्य नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी राजीनामा दिला. तरुण खासदार शरद यादव यांनीही तसेच केले. 1977 मध्ये निवडणूक झाली, आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षे परत आली. जम्मू-काश्मीरच्या विधानसभेची सहा वर्षांची मुदत मात्र 2019 पर्यंत तशीच राहिली. लांब केलेली मुदत कुठेतरी अशी अडकून राहते, याचा हा नमुना.

खेळातल्या घटनादुरुस्तीसाठी यावरून दोन अटी निघतात. पहिली, बदल चालू सभागृहाला लागू होऊ नये. पुढच्या निवडणुकीपासून, आणि शक्य असेल तर एक निवडणूक सोडून तिच्या पुढच्यापासून लागू व्हावा. मधली निवडणूक गेली की आपण सत्तेत असू की बाहेर, हे मत देताना कोणालाच ठाऊक नसते, म्हणून हिशेबी मत द्यायला फारसा वाव राहत नाही. अमेरिकेच्या 27 व्या घटनादुरुस्तीचा गाभा हाच आहे : सदस्यांच्या वेतनातला बदल मधली निवडणूक होईपर्यंत अमलात येत नाही. ती 1789 मध्ये सुचवली गेली आणि 1992 मध्ये मंजूर झाली. दुसरी अट, मुदतीचा नियम साध्या बहुमताने बदलता येऊ नये. न्यूझीलंडच्या निवडणूक कायद्यात मुदतीचे कलम राखीव आहे. ते बदलायला तीन चतुर्थांश खासदार किंवा सार्वमत लागते. 1967 आणि 1990 मध्ये चार वर्षांच्या मुदतीसाठी सार्वमते झाली, आणि दोन्ही वेळा दोन तृतीयांशांहून अधिक मतदारांनी नकार दिला. खेळात सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनंतर सर्व नोंदणीकृत खेळाडूंचे मतदान घेणे हे त्याचेच लहान रूप. ज्यांना निवडणुकीची वाट पाहावी लागणार आहे, त्यांना निदान एकदा विचारले जाते.

मुदत कमी करतानाही हाच घोळ उलट्या दिशेने होतो. चार महिन्यांसाठी निवडून आलेल्या सदस्याची खुर्ची दोन महिन्यांत काढून घेतली, तर ज्यांनी त्याला मत दिले त्यांचा कौल अर्ध्यात कापला जातो. आणि हा ठराव बहुधा अलीकडे लोकप्रिय झालेल्या पक्षाकडूनच येतो.

मसुदा लिहिताना शब्द मोजूनमापून घ्यावे लागतात. ‘मुदत चार महिने असेल’ एवढीच ओळ लिहिली तर ती निकालापासून मोजायची, शपथेपासून की पहिल्या बैठकीपासून, हा वाद पहिल्याच निवडणुकीनंतर उभा राहतो. भारताच्या घटनेत लोकसभेची पाच वर्षे पहिल्या बैठकीसाठी ठरवलेल्या तारखेपासून मोजतात, आणि ती पूर्ण झाली की विसर्जन आपोआप होते. त्या धर्तीवर खेळातले कलम साधारण असे लिहिता येईल : ‘हे कलम मंजूर झाल्यानंतरच्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीने बनलेल्या सभागृहापासून, सभागृहाची मुदत त्याच्या पहिल्या बैठकीच्या तारखेपासून 120 दिवस राहील, सलग तीन मतदानांना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा रिकामी समजली जाईल, आणि असे दुसरे सभागृह विसर्जित होण्यापूर्वी खेळाडूंच्या मतदानाने हे कलम कायम केले नाही, तर आधीची 60 दिवसांची मुदत पुन्हा लागू होईल.’ शेवटचा भाग अनेकांना अनावश्यक वाटतो, पण प्रयोग फसला तर तो मागे घेण्यासाठी पुन्हा 14 मते गोळा करावी लागू नयेत, एवढ्यासाठी तो आहे.

मुदतवाढीच्या बदल्यात काय मागावे, याचे एक ताजे उदाहरण पुन्हा न्यूझीलंडचेच आहे. 2025 मध्ये तिथे चार वर्षांची मुदत शक्य करणारे विधेयक मांडले गेले. त्याच्या मूळ मसुद्यात, ही लांब मुदत हवी असेल तर संसदेच्या समित्यांमध्ये सरकारबाहेरच्या पक्षांना मोठे स्थान द्यावे लागेल, अशी अट होती. खेळात विरोधी पक्षाने हेच मागावे : चार महिने हवेत तर प्रश्नोत्तराचा तास दर आठवड्याला, किमान एका समितीचे अध्यक्षपद विरोधकांकडे, आणि पाच सदस्यांच्या सहीने विशेष बैठक बोलावण्याचा हक्क.